सांकेतिक भाषा दर रविवारी हवी: पाळकसाहेब आणि चर्च कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि चर्च कमिटीचे सर्व सभासद,

प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी आशीर्वचनाच्या आधी सेक्रेटरींनी कमिटीचा ठराव वाचून दाखवला. बहुभाषिक उपासनेतला सांकेतिक भाषेचा अनुवाद पुढच्या महिन्यापासून दर रविवारी होणार नाही. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि ईस्टर या तीन उपासनांना दुभाषी येईल, एरवी उपदेशाचा सारांश छापून मिळेल. हा ठराव आम्हा कर्णबधिर सभासदांना कळला तो दुभाषीच्या हातांतून. स्वतःचं काम थांबवल्याची बातमी तिला आमच्यासमोर उभं राहून सांगावी लागली. तिने ती शेवटपर्यंत सांगितली, काहीही न गाळता, आणि लगेच आशीर्वचनाचा अनुवाद सुरू केला. आमच्या बाकांवर त्या आशीर्वचनाकडे कुणाचं लक्ष राहिलं असेल असं मला वाटत नाही.

मी या मंडळीची सभासद आहे. लहानपणी तापात माझे कान गेले. माझे यजमान जन्मापासून बधिर आहेत. आमच्या मुलीला ऐकू येतं. हे पत्र मला बंद पाकिटात तुमच्या हाती देता आलं असतं. उघडपणे लिहिते आहे, कारण आमच्या दोन बाकांवर दर रविवारी काय घडतं हे बाकीच्या मंडळीलाही माहीत नाही. आणि जिथे जिथे दोन-तीन भाषा बोलणारी माणसं एकत्र उपासना करतात, तिथे तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

अनुवाद सुरू होण्याआधीची उपासना मला चांगली आठवते. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. पुढच्याच्या गीतपुस्तकातला आकडा बघून आपलं पान काढायचं. उपदेशभर पाळकांच्या ओठांकडे डोळे लावून बसायचं. ओठ वाचता येतात असा ऐकणाऱ्यांचा मोठा गैरसमज असतो. प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. पाळक ‘पाप’ म्हणाले की ‘बाप’, हे मला ओठांवरून कधीच कळलेलं नाही, आणि उपदेशात या दोन शब्दांवरच सगळं अवलंबून असतं. त्यात माइक तोंडासमोर, मान पुस्तकात खाली, आणि आपल्या उपासनेत तर अर्ध्या वाक्यावर भाषा बदलते. कुठली भाषा चालू आहे हेच माहीत नसेल तर ओठ वाचणार तरी काय?

मग मुलगी मोठी होऊ लागली आणि आम्ही तिला आमच्या मधे बसवू लागलो. सहा-सात वर्षांची पोर आई-बापाला खुणांनी उपदेश सांगायची. व्यभिचार म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण ते तिला आम्हाला सांगायचं होतं. माझ्या सासऱ्यांच्या अंत्यविधीला तिने पूर्ण विधीचा अनुवाद केला. आजोबांसाठी रडायला तिला कबरस्तानातून घरी आल्यावर वेळ मिळाला. बधिर आई-बापांच्या ऐकणाऱ्या मुलांना हे कुठल्याही देशात करावं लागतं, आणि लोक त्यांचं कौतुक करतात. मला तेव्हाही त्या कौतुकाने गलबलून यायचं, अभिमान वाटायचा नाही. दुभाषी यायला लागली आणि मुलगी क्वायरमध्ये गेली. ती गाते तेव्हा तिचा चेहरा कसा असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ठरावातला ‘अनुवाद बंद’ हा मजकूर आमच्या घरात काय घेऊन येतो हे तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं.

आपली बहुभाषिक उपासना जेव्हा नीट चालते तेव्हा ती काय असते, हेही सांगायला हवं. जुन्या करारातलं वाचन एका भाषेत, स्तोत्र दुसरीत, शुभवर्तमान तिसरीत. ज्याची भाषा आली तो मान वर करतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत पुस्तकात बघत राहतात. सांकेतिक भाषा मात्र पहिल्या प्रार्थनेपासून आशीर्वचनापर्यंत अखंड चालते. पूर्ण उपासना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ज्या एका भाषेत होते, ती आमची भाषा. प्रभूची प्रार्थना आपण ज्याच्या त्याच्या भाषेत एकाच वेळी म्हणतो. ऐकणारे मला सांगतात की त्या वेळी तिन्ही भाषांची सरमिसळ होते आणि शब्द वेगळे कळत नाहीत. आमच्यासाठी तीच प्रार्थना दोन हातांत अगदी स्वच्छ उमटते: रोजची भाकर, आमचे ऋणी, मोहातून सुटका.

आणि एक रविवार असा होता की आमच्या बाकावरच्या वयस्कर काकांनी शास्त्रपाठ केला. लूकचा पहिला अध्याय होता. जखऱ्या मंदिरातून बाहेर येतो, त्याची वाचा गेलेली असते, तो लोकांना खुणा करत राहतो. पुढे बाळाचं नाव काय ठेवायचं हे लोक त्याला खुणा करून विचारतात, आणि तो पाटी मागून लिहितो की याचं नाव योहान आहे. काका वेदीजवळ उभं राहून हातांनी वाचत होते आणि दुभाषी त्यांच्या हातांवरून मोठ्याने बोलत होती. त्या दिवशी अनुवादाची गरज आम्हाला नव्हती, तुम्हाला होती. हॉल किती शांत झाला हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मला दिसलं ते एवढं की पुस्तकांतली डोकी एकामागून एक वर आली आणि वाचन संपेपर्यंत कुणीही खाली बघितलं नाही.

आता ठरावाबद्दल. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही की आम्हाला विचारलं नाही. आमच्यातल्या एकालाही बोलावलं नाही, चिठ्ठी पाठवली नाही. अनुवाद आमच्यासाठी होता आणि तो पुरेसा आहे की जास्त आहे हे ऐकणाऱ्या लोकांनी आपसांत ठरवलं. बधिरांच्या बाबतीत हे जगभर झालेलं आहे. 1880 साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली, तिथे जमलेले जवळजवळ सगळे शिक्षक ऐकणारे होते, आणि शाळांतून सांकेतिक भाषेपेक्षा तोंडी बोलणंच शिकवावं असा ठराव झाला. त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या मुलांना हात बांधून शिकावं लागलं. त्या ठरावांबद्दल त्याच परिषदेच्या 2010 सालच्या व्हँकुव्हरमधल्या बैठकीत जाहीर खेद व्यक्त झाला. मधे 130 वर्षं गेली.

मंडळीचा स्वतःचा दाखला याहून जुना आणि याहून चांगला आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना तुम्ही थोडे आहात असं सांगितलं नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि सात जण निवडायला सांगितलं. निवडले गेले ते स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचं काम आलं असं मला ही नावं वाचताना वाटतं. उपदेशात हा अध्याय आपण सेवेचा आदर्श म्हणून ऐकतो. मी तुम्हाला तो कारभाराचा नियम म्हणून वाचायची विनंती करते.

ठरावात पहिलं कारण दिलं आहे ते संख्येचं. कर्णबधिर सभासद थोडे आहेत, हे खरं आहे. पण आपल्या तिसऱ्या भाषेची घरंही मोजकीच आहेत. त्यांची भाषा काढून टाकावी असं कमिटीत कधी कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणूही नये. त्यांना त्यांच्या भाषेचा हक्क आहे असं सगळे धरून चालतात. आमच्या भाषेकडे मात्र सोय म्हणून बघितलं जातं, जिन्याशेजारच्या उतारासारखं, की वापरणारे कमी झाले तर काढून टाकावी. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्न विचारताना भुवया वर जातात, कोण कुणाला बोललं हे हात कुठल्या दिशेला वळतो यावरून कळतं, चेहरा बदलला तर वाक्याचा अर्थ बदलतो. 2006 साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्यात भाषेच्या व्याख्येतच बोलल्या जाणाऱ्या भाषांबरोबर सांकेतिक भाषांचा समावेश आहे. आपल्या दारावरच्या फलकावर ही बहुभाषिक उपासना आहे असं लिहिलेलं आहे. आमची भाषा त्या भाषांमध्ये धरायची की नाही, हा या ठरावातला खरा प्रश्न आहे, आणि ठरावात तो विचारलेलाच नाही.

संख्येबद्दल आणखी एक. बधिर माणसं गावभर विखुरलेली असतात आणि जिथे आपली भाषा मिळते तिथे लांबून येतात. वर्षातून तीन दिवस अनुवाद ठेवला तर वर्षातून तीन दिवसच येतील. मग पुढच्या वर्षी संख्या आणखी कमी झाली असा ठराव येईल.

दुसरं कारण वाचून मी जास्त दुखावले. हातांच्या हालचालींमुळे उपासकांचं लक्ष विचलित होतं. क्वायर मास्तरांचे हात संपूर्ण गीतभर हलतात. त्यांच्याकडे बघून कुणाचं लक्ष विचलित झालं अशी तक्रार आजवर आलेली नाही, कारण त्या हातांचं काम काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या दुभाषीला सुरुवातीला व्यासपीठाच्या बाजूला जागा होती. पाळकांचा चेहरा आणि तिचे हात एका नजरेत दिसायचे. पाळक हसले की कशावर हसले हे कळायचं. मग तक्रार आली आणि तिला डावीकडच्या खांबापाशी, खिडकीसमोर हलवलं. खिडकी तिच्या मागे. सकाळच्या उपासनेत त्या खिडकीतून थेट ऊन येतं आणि तिचा चेहरा आम्हाला काळा दिसतो. चेहरा गेला म्हणजे अर्धं व्याकरण गेलं. तासभर उजेडाकडे बघून डोळ्यांतून पाणी येतं. काही महिने आम्ही तसंच चालवून घेतलं. आमच्यातल्या दोघांनी येणं सोडलं ते त्या काळात, आणि संख्या मोजली गेली ती त्यानंतर.

छापील सारांशाबद्दल. माझं वाचन बरं आहे म्हणून हे पत्र मी लिहू शकते. जन्मापासून बधिर असलेल्या अनेकांना लिहिलेली भाषा ही शिकून घेतलेली दुसरी भाषा असते, आणि ज्यांच्या शाळेत हातांना मनाई होती त्यांची तीही कच्ची राहिलेली असते. माझ्या यजमानांना सारांशाचं एक पान वाचायला जितका वेळ लागतो तितक्यात उपदेश संपतो. शिवाय उपासना म्हणजे फक्त उपदेश नव्हे. आजाऱ्यांची नावं कोण सांगणार? गेल्या आठवड्यात कुणाच्या घरी मूल झालं, कुणाचं माणूस गेलं, ते कुठे छापणार? मध्यस्थीची प्रार्थना पाळक त्या क्षणी मनातून करतात, तिचा सारांश आदल्या दिवशी कसा तयार होईल? पडद्यावर गीतांचे शब्द येतात, त्याबद्दल मी आभारी आहे. ज्यांना थोडं ऐकू येतं, जे कानाला यंत्र लावतात, त्यांना त्याचा खरंच उपयोग होतो. माझी मागणी त्यांच्या सोयीच्या विरोधात नाही.

तीन सणांबद्दल मला एक व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे, कारण ती कमिटीच्या लक्षात आलेली दिसत नाही. नाताळच्या रात्री आपण दिवे मालवून मेणबत्त्या पेटवतो. त्या अंधारात दुभाषीचे हात दिसत नाहीत. उपासनेतला सगळ्यात आनंदाचा भाग आम्ही कुणाच्या तरी मेणबत्तीकडे बघत काढतो. ज्या दिवसांसाठी तुम्ही अनुवाद राखून ठेवला आहे, त्यांतल्या सर्वांत मोठ्या दिवशी तो आम्हाला दिसणारच नाही. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर एक छोटा दिवा चालू राहिला तर हा प्रश्न सुटतो. पण आमच्यातलं कुणी कमिटीत असतं तर हे तुम्हाला माझ्या पत्रातून कळावं लागलं नसतं.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. दुभाषीला मानधन द्यावं लागतं आणि ते द्यायलाच हवं. तीन भाषांतून सांकेतिक भाषेत अनुवाद करणं हे शिकून, तयारी करून करायचं काम आहे. उलट मला सांगायचं आहे की आतापर्यंत आपण एकीवर जास्त भार टाकला. चांगल्या व्यवस्थेत दोन दुभाषी असतात आणि वीसएक मिनिटांनी बदलतात, कारण त्यापुढे थकव्याने अनुवाद घसरतो. आपली दुभाषी दीड तास एकटी उभी असते. आम्हीही दानाच्या पिशवीत घालतो. या कामासाठी वेगळं द्यावं लागलं तर तेही देऊ. फक्त एक मागणं: हिशेब आम्हाला दाखवा. क्वायर, ध्वनियंत्रणा, फुलं, छपाई आणि दुभाषी यांवर गेल्या वर्षी काय गेलं, हे शेजारीशेजारी मांडून दाखवा, आणि मग वार्षिक सभेत सगळ्या मंडळीला ठरवू द्या.

काही जणांनी मला प्रेमाने सांगितलं की देव मनातलं जाणतो, अनुवाद नसला म्हणून भक्ती अडत नाही. घरच्या प्रार्थनेत माझी भक्ती कधीच अडली नाही. मंडळीच्या उपासनेचा नियम वेगळा आहे, आणि तो पौलाने घालून दिला आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो विचारतो की तू काय म्हणतोस हे ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणेल? त्याच अध्यायात तो सांगतो की अन्य भाषांत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावं. गप्प राहण्याची जबाबदारी त्याने बोलणाऱ्यावर टाकली आहे. ज्याला कळत नाही त्याने समजून घ्यावं असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

त्याच पौलाच्या रोमकरांस पत्रातलं, विश्वास वार्तेने म्हणजे ऐकण्याने होतो, हे वचन कित्येक शतकं आमच्याविरुद्ध वापरलं गेलं. कानच नाहीत तर विश्वास कुठून येणार, असं मोठमोठ्या धर्मपंडितांनी मानलं. पण मंडळीतच असेही लोक होते ज्यांनी ते मानलं नाही. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लिऑन या बेनेडिक्टाइन मठवाशाने बधिर मुलांना शिकवलं. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल मिशेल द लेपे या धर्मगुरूने बधिरांकडूनच त्यांच्या खुणा शिकून घेतल्या आणि त्यांच्यासाठी मोफत शाळा काढली. त्यांना देवाबद्दल कळावं ही त्याची मूळ तळमळ होती. 1852 साली न्यूयॉर्कमध्ये बधिरांसाठी सेंट अ‍ॅन चर्च सुरू झालं. 1876 साली हेन्री विंटर साइल या बधिर माणसाला अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने डीकन म्हणून, म्हणजे धर्मगुरुपदाच्या पहिल्या पायरीवर, दीक्षा दिली.

या सगळ्यांत माझा आवडता दाखला एका साध्या माणसाचा आहे. 1576 साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, सेंट मार्टिन चर्चमध्ये, टॉमस टिल्सी या बधिर माणसाचं अर्सुला रसेलशी लग्न लागलं. त्याला शपथ बोलता येत नव्हती, म्हणून त्याने ती खुणांनी घेतली, आणि चर्चच्या नोंदवहीत कुणीतरी त्या खुणा एकेक करून उतरवून ठेवल्या. त्याने तिला मिठीत घेतलं, तिचा हात धरला, बोटात अंगठी घातली, स्वतःच्या हृदयावर आणि मग तिच्या हृदयावर हात ठेवला, दोन्ही हात आकाशाकडे उचलले. मरेपर्यंत तिच्याबरोबर राहीन हे सांगण्यासाठी त्याने हातांनी आपले डोळे मिटले, पायाने माती उकरल्यासारखं केलं आणि चर्चची घंटा वाजवावी तसा दोर ओढल्याची खूण केली. बिशपांची त्या लग्नाला संमती होती. साडेचारशे वर्षांपूर्वी एका चर्चने ती शपथ पूर्ण मानली. त्यात काही कमी आहे, सारांश वेगळा लिहून द्या, असं कुणी म्हटलं नाही.

आपल्याकडे पाळकसाहेब प्रार्थनेआधी नेहमी म्हणतात, डोळे मिटू या. आम्ही मिटू शकत नाही. मिटले की प्रार्थना संपली. म्हणून आमचे डोळे उघडे असतात, आणि एकदा मागच्या बाकावरच्या बाईंनी आमच्या पाहुण्यांना खांद्यावर टॅप करून डोळे मिटायची खूण केली होती. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. अशा बारीकसारीक गोष्टी खूप आहेत. अनुवाद बोलण्याच्या काही सेकंद मागे असतो, त्यामुळे आमचं आमेन उशिरा येतं आणि तोवर तुम्ही पुढच्या ओळीवर गेलेले असता. प्रभुभोजनात पाळक भाकर देताना दोन वाक्यं म्हणतात, ती मान खाली घालून, आणि दुभाषी तेव्हा आमच्यापासून दहा पावलांवर असते. प्रत्येक सभासदाला वैयक्तिक सांगितली जाणारी तेवढीच दोन वाक्यं, आणि ती मला अजून एकदाही मिळालेली नाहीत. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभूने बधिर माणसाला गर्दीतून बाजूला घेतलं, त्याच्या कानांत बोटं घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे बघितलं. तोंडाने शब्द उच्चारण्याआधी त्याने त्या माणसाला कळेल अशा रीतीने सांगितलं. तुम्ही दोन खुणा शिकून माझ्या चेहऱ्याकडे बघून भाकर दिलीत तर पुरे आहे. शिकवायला मी येईन.

तर माझ्या आणि आमच्या बाकांवरच्या सगळ्यांच्या मागण्या अशा.

ठराव पुढच्या महिन्यापासून लागू करू नका. आधी आमच्याबरोबर बैठक घ्या आणि त्या बैठकीला दुभाषी ठेवा. आमच्या मुलांना ते काम सांगू नका.

दुभाषीची जागा पुन्हा व्यासपीठाशेजारी करा, मागे खिडकी नको, चेहऱ्यावर उजेड हवा. दिवे मालवाल तेव्हाही तो उजेड चालू ठेवा. समोरचे दोन बाक त्या बाजूला आमच्यासाठी राखून ठेवा.

शास्त्रपाठ, गीतं आणि उपदेशाचे मुद्दे दुभाषीला किमान दोन दिवस आधी द्या, आणि कुठलं वाचन कुठल्या भाषेत आहे हेही. लांबलेल्या उपासनेला दोघी ठेवा. दुसरी मिळत नसेल तर आपल्या तरुण संघातल्या ज्यांना आवड आहे त्यांना रीतसर प्रशिक्षणाला पाठवा. त्याला वर्षं लागतील, म्हणून यंदाच सुरुवात करा. तोवर आत्ताच्या दुभाषीला थांबवू नका.

महिन्यातून एक शास्त्रपाठ बधिर सभासदाच्या हातून होऊ द्या. 2020 साली अमेरिकन सांकेतिक भाषेत पूर्ण बायबलचा अनुवाद व्हिडिओ रूपात तयार झाला. त्यामागे कित्येक दशकांचं काम होतं. जगात तीनशेहून जास्त सांकेतिक भाषा आहेत आणि बहुतेकांच्या वाट्याला अजून थोडीच पुस्तकं आली आहेत. आमच्या काकांचं ते लूकचं वाचन कुणी चित्रित केलं नाही. पुढचं तरी करा आणि जपून ठेवा, म्हणजे लांबच्या बधिर कुटुंबांना घरी बघता येईल.

आणि कमिटीत एक जागा कर्णबधिर सभासदाला द्या, मताच्या अधिकारासह. बैठकीला दुभाषी लागेल, त्याची तरतूद त्याच ठरावात करा. मी स्वतः त्या जागेसाठी उभी राहणार नाही, हे आत्ताच सांगते. आमच्यात माझ्याहून जाणती माणसं आहेत. त्यांना लिहायला जड जातं, एवढ्याच कारणाने आजवर तुम्ही मला ओळखता आणि त्यांना ओळखत नाही.

मंडळीतल्या ऐकणाऱ्या भावाबहिणींनाही एक विनंती. हे पत्र पटलं तर वार्षिक सभेची वाट न बघता कमिटीतल्या ज्यांना तुम्ही ओळखता त्यांना सांगा. आम्ही थोडे आहोत हे ठरावातच लिहिलेलं आहे, तेव्हा हे आमच्या एकट्यांच्या मतांनी होणार नाही.

पाळकसाहेब, ठराव या महिन्याच्या शेवटच्या रविवारनंतर लागू होणार आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवं आहे. ते व्यासपीठावरून द्यायचं असेल तर दुभाषी समोर असताना द्या, आणि ती सांगून पूर्ण होईपर्यंत थांबा.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीची एक कर्णबधिर सभासद